व्हिनाइल सायडिंगवरचा रंग दर वर्षी त्याच भिंतीवरून सुटतोय? आधी पापुद्रा उलटा करून बघा

घराला बाहेरून व्हिनाइल सायडिंग, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांचं आवरण आहे, हौसेने रंगवून घेतलं, आणि पहिला हिवाळा सरला की रंगाचे पापुद्रे सुटायला लागले, खरवडून परत मारला तर पुढच्या वर्षी परत तिथेच सुटले, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्याकडे हे सलग तीन वर्षं झालं. ओळखीतल्या तीन-चार जणांनी फोनवर हेच विचारलं आणि प्रत्येकाला अर्धा अर्धा तास तेच सांगितलं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवते. लांबलंय, पण रंगाचा डबा विकत आणायच्या आधी वाचा, नंतर नको.

आमचं घर मध्य न्यू जर्सीत, १९८६ सालचं, दुमजली, चारी बाजूंनी व्हिनाइल, मूळ रंग बदामी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एका पेंटरकडून निळसर राखाडी करून घेतलं. घर इतकं छान दिसत होतं की येणारा प्रत्येक जण विचारायचा नवीन सायडिंग बसवलं का. २०२० च्या एप्रिलमध्ये दक्षिणेच्या भिंतीवर खिडकीखाली तळहाताएवढा तुकडा लोंबायला लागला, ओढला तर कागदासारखा फूटभर निघून आला. पेंटर येऊन खरवडून, वरून दोन हात मारून गेला. २०२१ मध्ये तीच जागा आणि शिवाय पश्चिमेची भिंत. मग त्या उन्हाळ्यात मी आणि नवऱ्याने दुकानातला सगळ्यात महागडा एक्स्टिरियर पेंट आणून स्वतः मारला, २०२२ च्या एप्रिलमध्ये तोही सुटला. आणि या सगळ्यात उत्तरेची भिंत जशीच्या तशी, एक पोपडा नाही! तोच पेंटर, तोच डबा, तोच आठवडा, तरी दोन भिंती सुटतात आणि दोन धरतात, म्हणजे दोष डब्यात नाही हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

आपल्याकडच्या माणसाला रंग सुटला की पहिली शंका येते ती ओलीची. मलाही आली, कारण सांगलीच्या घरात पावसाळ्यानंतर भिंतीला पोपडे आले की ओलच असायची, गच्ची गळते नाहीतर न्हाणीघराची मोरी पाझरते. त्या शंकेपायी आमचं जवळजवळ एक वर्ष गेलं, बाथरूमचा प्लंबर झाला, पन्हळी साफ करून झाल्या, काही फरक नाही. कारण व्हिनाइल सायडिंग ही भिंत नाहीच. त्या साधारण मिलिमीटरभर जाडीच्या पीव्हीसीच्या पट्ट्या असतात, बारा-साडेबारा फूट लांब, एकमेकीत अडकवलेल्या आणि खिळ्यांवर सैल टांगलेल्या. मागे हवा खेळते. पावसाचं थोडं पाणी मागे जाणार हे धरूनच ते बनवलेलं असतं, आणि ते पाणी पट्टीच्या खालच्या कडेला बारीक बारीक भोकं असतात त्यातून निघून जातं. त्यामुळे आतली ओल विटांच्या गिलाव्यातून जशी रंगाला ढकलते तसं इथे होत नाही. आतून पाणी येत असेल तर तो प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे, तो जरूर बघा, पण पापुद्रे त्याने येत नाहीत.

खरं कारण माझ्या बाबांनी पकडलं. २०२२ च्या मेमध्ये ते इथे आले होते, रोज सकाळी घराभोवती फेरी मारायचे. एसीचं बाहेरचं युनिट आहे त्याच्या मागे पेंटरने दोन-तीन पट्ट्या रंगवायच्या सोडल्या होत्या, दक्षिणेच्याच बाजूला. बाबांनी तिथे सहज हात फिरवला आणि मला हाक मारून तळहात दाखवला, पांढरा. म्हणाले, "अगं, हा तर चुन्यासारखा हाताला लागतोय, ह्याच्यावर रंग धरेल कसा?" आमच्या सांगलीच्या घराला दिवाळीच्या आधी चुना व्हायचा, त्या भिंतीला टेकलं की शर्टाची पाठ पांढरी. पुढे डिस्टेंपर मारायचा ठरला तेव्हा बाबांनी आधी सगळा चुना घासून काढायला लावला होता, चुन्यावर डिस्टेंपर मारला की चुन्यासकट गळून पडतो म्हणून. इथे वस्तू वेगळी पण गोष्ट अगदी तीच निघाली.

व्हिनाइलच्या पट्टीत रंग आरपार असतो, आणि वरच्या थरात ऊन सोसावं म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड वगैरे घातलेलं असतं. वर्षानुवर्षं अल्ट्राव्हायोलेट किरण खाऊन पीव्हीसीचा अगदी वरचा पापुद्रा झिजतो आणि त्यातली पांढरी पूड मोकळी होऊन पृष्ठभागावर बसते. याला इथे चॉकिंग म्हणतात, खडूची पूड बसल्यासारखं. दक्षिण आणि पश्चिम भिंतींना ऊन जास्त म्हणून पूडही तिथेच जास्त, उत्तरेला जवळपास नाहीच. रंग त्या पुडीला चिकटतो, पूड मात्र कशालाच चिकटलेली नसते. उन्हाळ्यात मारलेला रंग शरद ऋतूपर्यंत छान दिसतो. मग थंडी पडली की व्हिनाइल आकसतं, चांगलंच आकसतं, साडेबारा फुटी पट्टी कडक उन्हाळा ते कडक थंडी यात अर्ध्या इंचापर्यंत लांब-आखूड होते. रंग त्याच्याबरोबर ओढला जातो, आणि खाली पूड असली की तिथेच सुटतो. म्हणून पापुद्रे नेहमी मार्च-एप्रिलमध्येच दिसतात.

तर तुमच्याकडे सुटलेला पापुद्रा हातात घ्या आणि त्याची मागची बाजू बघा, निदान तिथेच होतं. मागे पांढरट किंवा मूळ सायडिंगच्या रंगाची पूड असेल, बोटाने पुसली जात असेल, तर चॉकिंग. मागची बाजू स्वच्छ, गुळगुळीत, चकचकीत असेल तर रंगाने कधी धरलंच नाही: एक तर नीट धुतलं नव्हतं, नाहीतर दवाने ओल्या किंवा फार थंड सायडिंगवर मारला. काळे-हिरवे ठिपके असतील तर बुरशीवरच रंग मारलाय. पापुद्र्याच्या मागे दुसरा जुना रंग चिकटून आला असेल तर सुटतोय तो खालचा रंग, तुमचा नाही, आणि मग खालचाही काढावा लागेल. आणि पापुद्रा लवचिक नसून काचेसारखा कडक असेल, वाकवला की मोडत असेल, तर कोणीतरी ऑइल पेंट मारलाय. ऑइल पेंट वाळून कडक होतो, व्हिनाइलबरोबर ताणला जात नाही, त्यामुळे तडे जाऊन सुटतो, त्याच्यावर डागडुजीचा काही उपयोग नाही. आमच्या पापुद्र्यांच्या मागे सगळीकडे बदामी पूड होती, मी तीन वर्षं ते पापुद्रे झाडून कचऱ्यात टाकत होते आणि एकदाही उलटे करून बघितले नव्हते.

खात्रीसाठी अजून दोन गोष्टी करा. गडद रंगाचं सुती फडकं, जुना काळा टीशर्ट वगैरे, कोरडंच, न रंगवलेल्या जागेवर घासा; शटरच्या मागे, मीटरच्या बाजूला, एसीच्या मागे कुठेतरी न रंगवलेली जागा मिळतेच. आणि जिथे रंग अजून धरलेला दिसतोय तिथे ब्लेडने हलक्या हाताने, रंग कापेल एवढ्याच दाबाने, उभ्या-आडव्या चार-पाच रेघा मारून जाळी करा, त्यावर चांगली चिकट टेप दाबून बसवा आणि एका झटक्यात ओढा. टेपला चौकोन चिकटून आले तर तो रंग आज धरलेला दिसत असला तरी पुढच्या वर्षी सुटणार आहे. ही टेप टेस्ट एका जागी करून थांबू नका, भिंतीवर वेगवेगळ्या उंचीवर करा. आमच्याकडे वळचणीखालच्या वरच्या तीन ओळी घट्ट निघाल्या, कारण तिथे छपराची सावली पडते, ऊन पोचत नाही. त्या ओळी तशाच ठेवल्या. बाकी दक्षिण-पश्चिमेचा सगळा रंग काढायचं ठरवलं. मनाला फार जड गेलं, पण पुडीवर बसलेल्या रंगावर कितीही भारी रंग मारला तरी खालचा थर पूडच राहते.

काढायचं कसं याबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण इथे लोक सायडिंगचं नुकसान करून घेतात. हीटगन वापरू नका, व्हिनाइल साधारण १६० ते १६५ फॅरनहाइटला, म्हणजे एकाहत्तर-चौऱ्याहत्तर सेल्सिअसला मऊ पडतं, हीटगन त्याच्या कितीतरी वर जाते. थिनर, ॲसिटोन, पेंट रिमूव्हर यातल्या बऱ्याच गोष्टी पीव्हीसीच मऊ करतात किंवा विरघळवतात. लोखंडी पत्री आडवी धरून ओढली की ओरखडे पडतात आणि ते नवीन रंगातूनही दिसतात. प्लास्टिकचा स्क्रेपर आणि कोमट पाणी, बस. पुडीवरचा रंग तसाही सहज सुटतो, आम्हा दोघांना दोन भिंतींना दोन शनिवार-रविवार लागले. कडेला जिथे सुटलेला आणि घट्ट रंग भेटतात तिथे १५० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवून ती पायरी उतरती करा, नाहीतर नव्या रंगाखाली नकाशा उठतो. प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर कमी दाबावर, नोझल समोर सरळ धरून, तोंड वरच्या दिशेला रोखून कधीच नाही, कारण पट्ट्यांच्या कडांतून पाणी मागे भिंतीत घुसतं. मी तर बागेचा पाइप आणि गाडी धुवायचा लांब दांड्याचा मऊ ब्रश एवढ्यावरच केलं.

एक महत्त्वाचं, घर १९७८ च्या आधीचं असेल आणि व्हिनाइल जुन्या लाकडी फळ्यांवर चढवलं असेल, जर्सी सिटी, न्यूअर्क अशा जुन्या भागात अशी घरं भरपूर आहेत, तर पट्टी काढायची वेळ आली की खालच्या लाकडावरचा जुना रंग शिशाचा असू शकतो. घरातल्या रंगात शिसं वापरायला अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली. तिथे स्वतः खरवडू नका, लहान मुलं असतील तर अजिबात नको, लेड-सेफ सर्टिफिकेट असलेला माणूस बोलवा.

आता धुणं. हेच काम सगळ्यात जास्त वेळ घेतं आणि हेच पेंटर लोक टाळतात. आमच्या पहिल्या पेंटरने प्रेशर वॉशर मारून दुसऱ्या दिवशी रंग सुरू केला होता. नुसत्या पाण्याच्या माऱ्याने धूळ जाते, पूड जात नाही, पूड घासावीच लागते. एक गॅलन पाण्यात एक तृतीयांश कप कपडे धुवायची पावडर आणि दोन तृतीयांश कप घरातली साधी क्लीनर पावडर. बुरशी दिसत असेल तर त्या जागी तीस टक्के पांढरं व्हिनेगर आणि सत्तर टक्के पाणी, तेवढ्याने बहुतेक जाते. कृपा करून व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करू नका, एकानंतर लगेच दुसरंही मारू नका, क्लोरीन वायू तयार होतो आणि तो छातीला फार वाईट. धुताना खालून वर घासत जायचं आणि मधे मधे पाणी मारत राहायचं, वरून सुरुवात केली तर मळकं पाणी खालच्या कोरड्या सायडिंगवर ओघळून डाग पडतात. वाळलं की परत काळं फडकं घासा. पांढरं लागलं की परत धुवा. आमची दक्षिणेची भिंत तीन वेळा धुतली तेव्हा कुठे फडकं काळं राहिलं, पश्चिमेची दोनदा, उत्तरेची एकदाच.

काही घरांत कितीही धुतलं तरी थोडी पूड येतच राहते, सायडिंग फारच जुनं असेल तर. मग प्रायमर. एरवी चांगल्या धुतलेल्या सायडिंगला प्रायमर लागतोच असं नाही, पण पूड राहिली असेल तर नेहमीचा पांढरा प्रायमर नको, पुडीत मुरून तिला खालच्या थराशी बांधणारा पातळ बाइंडिंग प्रायमर मिळतो तो घ्या, झिन्सरचा पील स्टॉप त्यातलाच. डब्यावर चॉकी सरफेसला चालतो असं लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्या. आम्ही दक्षिणेच्या भिंतीच्या मधल्या भागात तो मारला. आणि कुठलाही प्रायमर आधी फूटभर जागेत मारून, वाळवून, दोन-चार दिवसांनी टेप टेस्ट करा, मगच अख्खी भिंत घ्या.

रंग शंभर टक्के ॲक्रिलिक, बाहेरचा, आणि डब्यावर व्हिनाइल सायडिंगचं नाव असलेला. तो वाळल्यावरही थोडा रबरासारखा राहतो, म्हणून पट्टीबरोबर ताणला जातो. दोन पातळ हात, एक जाड नको, जाड हाताला वरून साय धरते आणि आत कच्चं राहतं. एका गॅलनमध्ये साधारण ३५० ते ४०० स्क्वेअर फूट एक हात होतो, आमच्या दोन भिंती मिळून अकराशे फूट, तर दोन हातांना सहा गॅलन लागले.

रंग कुठला निवडायचा हा नुसता आवडीचा प्रश्न नाही. प्रत्येक शेडच्या कार्डामागे एलआरव्ही म्हणून आकडा असतो, शून्य म्हणजे पूर्ण काळा, शंभर म्हणजे पूर्ण पांढरा, किती उजेड परत फेकतो ते. साधा नियम असा की सायडिंगच्या मूळ रंगापेक्षा गडद जायचं नाही, आणि मूळ आकडा माहीत नसेल तर ५५ च्या वरच राहायचं. गडद रंग ऊन शोषतो, व्हिनाइल तापून वाकतं, आणि एकदा वाकलेली पट्टी थंड झाली तरी सरळ होत नाही. गडदच हवा असेल तर काही कंपन्या व्हिनाइलसाठी वेगळ्या पिगमेंटचे ठरावीक शेड देतात, शेरविन विल्यम्सचं व्हिनाइलसेफ, बेंजामिन मूरचं व्हिनाइलसाठीचं कलर कार्ड, त्यातलाच घ्या, साध्या डब्यात तीच शेड मिक्स करून घेतली तर उपयोग नाही. आमचा पहिला निळसर राखाडी बदामीपेक्षा बराच गडद होता, आता फिकट राखाडी आहे. आणि रंगवल्यावर सायडिंगच्या कंपनीची वॉरंटी बहुतेक वेळा जाते, शिवाय सोसायटी म्हणजे एचओए असेल तर शेडची परवानगी आधी लेखी घ्या.

वेळ. आम्ही २०२२ च्या सप्टेंबर अखेरीला केलं. दिवसा पासष्ट-सत्तर फॅरनहाइट, रात्री पन्नासच्या खाली नाही असे दिवस बघून. इथल्या शरद ऋतूत दवाचा मोठा त्रास असतो, सूर्य मावळला की तासाभरात गाडीची काच ओली, तसंच सायडिंगही. सायडिंगचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान पाच डिग्री फॅरनहाइट वर असावं लागतं. हवामानाच्या ॲपमध्ये ड्यू पॉइंट दिसतो आणि भिंतीवर रोखायचा छोटा इन्फ्रारेड थर्मामीटर फार महाग नसतो, मी तो घेतला आणि त्याचा फार उपयोग झाला. सकाळी दहाच्या आधी सुरू करायचं नाही, दुपारी तीननंतर नवीन भाग धरायचा नाही. आणि ऊन थेट पडलेल्या भिंतीवर मारायचं नाही, सावलीच्या मागे मागे फिरायचं. रंगवल्यावर दुसऱ्याच रात्री दव पडून साबणासारखे तपकिरी ओघळ दिसले तर घाबरू नका, रंगातले साबणासारखे घटक वर येतात, साध्या पाण्याने धुतले जातात. उत्तरेला आमच्याकडे आले होते, धुतल्यावर गेले.

इथपर्यंत पापुद्र्यांचं झालं. पण भिंत मोकळी केल्यावर लक्षात आलं की आम्ही ज्याला एकच दुखणं समजत होतो त्यात अजून काहीतरी मिसळलेलं होतं.

थंडीत आमच्या भिंतीवर जागोजागी उभ्या बदामी रेघा दिसायच्या, मला वाटायचं रंग सुटला. तो सुटलेला नव्हताच, तिथे कधी लागलाच नव्हता. दोन पट्ट्या जिथे एकमेकीवर येतात तिथे साधारण इंचभर एक दुसरीखाली जाते. पेंटरने ऑगस्टच्या पंचाण्णव डिग्रीत रंगवलं तेव्हा पट्ट्या पूर्ण फुगलेल्या, जोड पूर्ण झाकलेले. जानेवारीत आकसल्या की खालच्या पट्टीची न रंगवलेली कड उघडी पडते. त्याला उपाय म्हणजे थंड, पण वर सांगितलेल्या तापमानाच्या मर्यादेतल्या दिवसात रंगवायचं, किंवा वरची पट्टी हाताने हलकेच बाजूला सरकवून आतली कड छोट्या ब्रशने रंगवायची. कड पूर्ण वाळेपर्यंत वरची पट्टी तिच्यावर दाबून बसू देऊ नका, दोन रंगवलेल्या बाजू एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या थंडीत ओढून फाडतात.

आणि सरकवायला गेलो तेव्हा कळलं की पश्चिमेच्या पट्ट्या सरकतच नाहीत! पेंटरने "फिनिश चांगलं यावं" म्हणून प्रत्येक जोडात आणि खिडक्यांच्या बाजूच्या जे-चॅनलमध्ये (इंग्रजी J च्या आकाराची खाच, तिच्यात पट्टीचं टोक जातं) कॉक, म्हणजे फटी बुजवायची रबरासारखी पेस्ट, भरून टाकलं होतं. ही फार मोठी चूक आहे आणि फार लोक ती चांगल्या भावनेने करतात, फट दिसली की बुजवायची. व्हिनाइलला ती फट हवीच असते, टोकाला पाव इंच जागा सोडलेली असते ती फुगायला. खिळेसुद्धा पूर्ण ठोकत नाहीत, खिळ्याच्या डोक्यामागे डाइम या छोट्या अमेरिकन नाण्याच्या जाडीएवढी जागा सोडतात आणि खिळा लांबट भोकाच्या मध्ये मारतात, म्हणजे पट्टी दोन्हीकडे सरकेल. कॉकने पट्टी जखडली की उन्हाळ्यात तिला जायला जागा नाही, ती मध्ये लाटेसारखी फुगते आणि जखडलेल्या कडेला रंग फाटतो. तुमच्याकडे पापुद्रे फक्त जोडांच्या आणि खिडक्यांच्या कडेला असतील, भिंतीच्या मध्ये नसतील, तर हेच बघा. पट्टी दोन हातांनी धरून डावी-उजवीकडे सरकवा, थोडी हलली पाहिजे. आम्ही सगळं कॉक प्लास्टिकच्या पात्याने कोरून काढलं, दोन ठिकाणी खिळे आवळलेले होते तिथे झिप टूल म्हणून छोटं वाकडं हत्यार मिळतं त्याने पट्टी उघडून खिळे जरा सैल केले. खालच्या कडेची पाण्याची भोकंही रंगाने बुजली होती, ती दातकोरण्याने मोकळी केली. कंटाळवाणं काम आहे पण भिंतीच्या आरोग्यासाठी रंगापेक्षा ते महत्त्वाचं.

पश्चिमेच्या भिंतीवर चार पट्ट्या मात्र वेगळ्याच वाकल्या होत्या, मेणासारख्या वितळून सुरकुतलेल्या, तिरप्या पट्ट्यात. गडद रंगाने तापून झालं असं आम्ही धरून चाललो होतो. पण मग अख्खी भिंत वाकायला हवी होती. नोव्हेंबरमध्ये एका दुपारी मी मुद्दाम बाहेर उभी राहिले तर शेजारच्या घराच्या नव्या खिडक्यांतून उन्हाचा प्रखर चौकोन बरोबर त्याच जागेवरून सरकत जात होता. हल्लीच्या लो-ई काचा उष्णता परत फेकतात, आणि दुहेरी काच थोडी आत वाकलेली असली की आरशासारखं ऊन एका जागी गोळा करते, त्याने व्हिनाइल मऊ पडायच्या वर तापतं. यावर जगातला कुठलाही रंग चालत नाही. शेजाऱ्यांशी बोललो, त्यांनी स्वतःहून समजून घेतलं आणि त्या खिडकीला बाहेरून पूर्ण जाळी लावली, जाळीने तो झोत विखुरतो. मग आम्ही चार पट्ट्या बदलल्या. भिंतीवर एकाच ठिकाणी तिरपा वितळल्यासारखा भाग असेल तर आधी उन्हाच्या दिवशी तासातासाने जाऊन प्रकाश कुठून येतो ते बघा, हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हा नक्की बघा. बार्बेक्यूची ग्रिलही भिंतीपासून लांब ठेवा, ओळखीच्या एका घरी तिच्यापायी अख्खा कोपरा वितळला होता.

पेंटरकडूनच करून घ्यायचं असेल तर कोटेशन घेताना त्याला तीनच गोष्टी विचारा: पूड आहे का हे तू कसं तपासणार, किती वेळा धुणार, आणि जोडांत कॉक भरणार का. "पॉवर वॉश करून दोन कोट" एवढंच उत्तर आलं, किंवा फटी बुजवून देतो म्हणाला, तर दुसरा शोधा. धुण्याचे दिवस आणि मारण्याचे दिवस कोटेशनमध्ये वेगळे लिहून घ्या.

आता आमचं तिसऱ्या हिवाळ्यानंतरचं सांगते. दर मार्चमध्ये मी भिंतीभोवती फिरून हात लावून बघते आणि पाच-सहा ठिकाणी टेप ओढते. दक्षिणेला एकही पापुद्रा नाही. पश्चिमेला नव्या चार पट्ट्या थोड्या जास्त चकचकीत दिसतात, एवढंच. फक्त ड्रायरचा व्हेंट बाहेर येतो त्याच्या खाली दोन इंच रंग उचललाय, मागची बाजू स्वच्छ आहे, म्हणजे पूड नाही. तिथे ड्रायरची गरम दमट हवा आणि कपड्यांचे तंतू बसतात आणि बहुतेक मी ते नीट धुतलं नव्हतं. रात्रीचं तापमान पन्नासच्या वर टिकायला लागलं की तेवढी जागा खरवडून, धुवून, दिवसभर ड्रायर बंद ठेवून परत मारणार आहे.